जेटीच्या पुढे निघालेल्या लेकीस

उरण,
रविवार

चि. तेजू,
अनेक आशीर्वाद.

काल तू रागातच फोन ठेवलास. ‘बाबा, तुम्ही स्वतः कधी जेटीच्या पुढे गेलात का?’ असं विचारलंस. नाही गेलो. एवढी वर्षं न्हाव्याच्या धक्क्यावर माल पोचवला, चलनावर सही घेतली आणि टेम्पो वळवून घरी आलो. सप्लाय बोटीने धक्का सोडला की माझं काम संपायचं. त्यामुळे समुद्रातल्या तेलाच्या रिगवर कसं राहावं हे मी तुला शिकवू नये, हे तुझं म्हणणं मला मान्य आहे. रात्रभर विचार करून मान्य केलंय. आई म्हणाली, लिहायचं असेल तर चार गोड शब्द लिहा, मुलगी पहिल्यांदा चाललीय.

एकच गोष्ट सांगतो आणि विषय सोडतो. क्रेनने माल वर घेत असतील तेव्हा त्याच्या खाली, त्याच्या वाटेत, कुठेही थांबू नकोस.

तू म्हणशील, मी मड इंजिनिअर, विहीर खोदताना आत सोडतात तो चिखलासारखा द्रव बघणारी, माझा क्रेनशी काय संबंध? संबंध आहे. मड जड करायची बराइटची पूड, सिमेंट बोटीच्या टाक्यांतून होजने वर जाईल, पण तुझी गोण्यांतली केमिकलं पॅलेटवर बांधून क्रेननेच चढणार. माल तुझा, म्हणजे मोजायला तूच डेकवर जाणार, हातात कागद आणि नजर कागदावर. पावसाळ्यात खालची बोट एका जागी राहत नाही. पॅलेट बोटीवरून सुटत असतानाच बोट लाटेबरोबर खाली बसली, तर स्लिंगला, माल ज्या तारेच्या दोराने क्रेनला टांगतात त्याला, असा हिसका बसतो की टनाचा माल टनाचा राहत नाही. आम्ही पाच टनाच्या स्लिंगवर दहा टन ओढून बघतो ते उगाच नाही. पण तो टेस्ट बेंच शेडमध्ये असतो गं, जमिनीवर.

तुला आठवतं का, पाचवीत असताना तू शाळेतून थेट शेडवर यायचीस? मी वायर रोपवरून फडकं फिरवायचो आणि तू मागे लागायचीस, मला द्या, मला द्या. तार कुठे तुटली असेल तर फडक्याचा धागा अडकतो, हे तू माझ्या नव्या हेल्परच्या आधी शिकलीस. एकदा थिंबलच्या, म्हणजे दोराच्या फासातल्या लोखंडी कडीच्या, अगदी जवळ, मला दिसला नव्हता असा काटा तू शोधलास आणि बोटाला रक्त आलं म्हणून रडण्याऐवजी ‘हा बाद!’ म्हणून ओरडलीस. दादा गल्ल्यावर बसून हिशेब करायचा, तू टॅग मोठ्याने वाचायचीस, किती टन, कुठला नंबर, कधीची टेस्ट. तुझी आजी म्हणायची, पोरीच्या फ्रॉकला ग्रीसचा वास येतो. तेव्हाच मला कळायला हवं होतं की ही पोरगी शेडमध्ये मावणार नाही.

आणि मला त्याचा अभिमान आहे. हे काल फोनवर म्हणायचं राहिलं. १९७४ मध्ये सागर सम्राट रिगने तिथे, मुंबई हायला, तेल शोधलं तेव्हा तुझे आजोबा करंजाहून मासेमारीला जायचे. पुढे लांबच्या फेरीला गेले की रात्री पाण्यावर जाळ दिसायचा, गॅसचा, ते आम्हाला अंगणात बसून सांगायचे. त्यांनी तो जाळ बोटीतून बघितला, मी तिथे जाणारा माल बांधला, आणि आता तू जुहूहून हेलिकॉप्टरमध्ये बसून तिथे कामाला चाललीस. पाण्यात उलट्या केलेल्या केबिनमधून बाहेर पडायचं ट्रेनिंग तू पहिल्या खेपेत पार केलंस, हे मी अख्ख्या बाजारपेठेत सांगितलंय.

पण तेजू, स्लिंग चांगली की वाईट हे खालून कळत नाही, म्हणून सांगतो. वर रंग मारलेला असतो, तपासणी झाल्याचा सहा महिन्यांचा कलर कोड बरोबर असतो, टेस्टचा कागद फाइलला असतो. तो कागद कसा बनतो हे मला माहीत आहे. तुझ्या दहावीच्या वर्षी एक कंत्राटदार जुन्या स्लिंगांचा ढीग घेऊन आला होता. टेस्ट नको, नुसता शिक्का द्या, बोट संध्याकाळी सुटतेय. मी नाही म्हटलं. त्याने आमचं आधीचं बिलही अडकवलं, आणि त्या दिवाळीला घरात काय होतं ते आईला विचार. मला त्याचं आजही दुःख नाही. फक्त एवढंच की त्या स्लिंगा त्याने भंगारात दिल्या नसणार. कुणीतरी शिक्का दिलाच असेल.

घाई, दुसरं काही नाही. २७ जुलै २००५ चं तुला आठवत नसेल, लहान होतीस. आदल्या दिवशी मुंबई बुडाली होती. समुद्र सुरक्षा बोटीवरच्या स्वयंपाक्याची बोटं कापली गेली, हवा खराब, हेलिकॉप्टर मिळेना, म्हणून त्याला क्रेनच्या बास्केटमधून मुंबई हाय नॉर्थच्या प्लॅटफॉर्मवर चढवलं. तो माणूस नीट पोचला. मग बोट प्लॅटफॉर्मला धडकली, गॅसचा रायझर, म्हणजे समुद्रतळातून वर येणारा पाइप, फुटला आणि दोनेक तासांत सगळा प्लॅटफॉर्म पाण्यात गेला. २२ माणसं गेली. काका तेव्हा तिकडेच होता. घरात लाइट नाही, फोन बंद, आणि काकी ओट्यावर बसून राहिलेली. तो परत आला तेव्हा आधी चहा मागितला आणि त्यावर पुढे कधी बोलला नाही. तू ऑफशोअरची नोकरी घेतलीस म्हणून तो तुझ्याशी नीट बोलला नाही ना, ते मनावर घेऊ नकोस.

बघ, विषय सोडतो म्हटलं आणि पुन्हा तिथेच आलो. माफ कर. तुझं काम तुला येतं. मडचं वजन कमी दिसलं तर समोर कितीही मोठा साहेब असो, तू आकडा बदलणार नाहीस, याची मला खात्री आहे. तोच ताठपणा डेकवरही ठेव. क्रेनवाला ओरडला, सुपरवायझर म्हणाला ‘दोन मिनिटांचं काम आहे’, तरी माल खाली टेकेपर्यंत बाजूला थांबायचं. हळूबाई म्हणाले तर म्हणू देत.

जेवण वेळेवर कर. केस बांधून ठेव, हेल्मेटच्या आत. काकाचं मोतीबिंदूचं ऑपरेशन गुरुवारी आहे. रिगवरून फोन लागला तर आधी त्यालाच लाव, मला नंतर.

तुझा,
बाबा

ता. क. पिवळ्या पट्टीच्या, चौकोनी टॅगच्या स्लिंगा दिसल्या तर त्या आपल्या शेडच्या. टॅगवरचा नंबर लिहून पाठव. शेवटची टेस्ट कधीची ते रजिस्टर काढून त्याच दिवशी कळवतो.