शुक्रवारची उपकारस्तुतीची सभा

सर्व मंडळीला सलाम.

यंदा पावसाने अनेकांचं सोयाबीन शेतातच सडलं. तरी उपकारस्तुतीची, म्हणजे देवाचे आभार मानण्याची, सभा ठरल्याप्रमाणे शुक्रवारी संध्याकाळी ७ वाजता होईल. येण्याआधी बायबलमधलं हबक्कूक संदेष्ट्याचं पुस्तक, ३:१७-१८, घरी वाचावं. अंजिराला फूल नाही, शेतात धान्य नाही, गोठ्यात गुरं नाहीत. संदेष्टा आधी हा सगळा तोटा मोजतो, मगच देवाच्या ठायी उल्लास करतो. तेव्हा साक्ष देताना, म्हणजे सभेत आपला अनुभव सांगताना, नुकसान लपवू नका, रडू आलं तरी चालेल. ‘सगळं छान आहे’ असं कुणी वदवून घेणार नाही. बायबलमधल्या पौल आणि सीला या येशूच्या सेवकांनीही फटके खाऊन, तुरुंगात पाय खोड्यात असतानाच गीतं गायली होती.

भजनाची वही आणावी. अर्पणाची सक्ती नाही. घरात धान्य कमी पडत असेल तर पाळकसाहेबांना एकट्याने भेटून सांगावं.