टक्केवारी बरोबर, तरी क्रीम नासते

संपादक महोदय,

क्रीममधले फिनॉक्सिइथेनॉल हे परिरक्षक (क्रीम नासू न देणारे रसायन) एचपीएलसी या घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर ०.९ टक्के भरले, म्हणजे १ टक्क्याच्या युरोपीय मर्यादेत बसले, की अहवालावर शिक्का पडतो. पण मोजलेले परिरक्षक काम करतेच असे नाही. पॅराबेन हे परिरक्षक क्रीममधल्या तेलात शिरून बसते, आणि जंतू वाढतात पाण्यात! सोडियम बेंझोएट हे परिरक्षक तर सामू (पीएच) ५च्या बराच वर गेला की जवळजवळ निकामी. म्हणून चॅलेंज टेस्ट हवीच: नमुन्यात स्यूडोमोनास हा जीवाणू, कँडिडा हे यीस्ट वगैरे जंतू मुद्दाम सोडून ७, १४ आणि २८ दिवसांनी जिवंत जंतूंची मोजणी. सातव्या दिवशी जीवाणू हजारपटीने घटलेले हवेत. इथली नेहमीची चूक म्हणजे लेसिथिन-पॉलिसॉर्बेटने परिरक्षक आधी निष्प्रभ न करताच नमुना जंतू वाढवण्याच्या प्लेटवर ओतणे. मग परिरक्षक प्लेटवरही वाढ रोखते आणि जंतू जिवंत असूनही प्लेट कोरी दिसते.

— प्रसाधन-चाचणी क्षेत्रातील एक वाचक