शेजारच्या खोलीतल्या मावशींना

मावशी,

मुख्यमंत्री सहायता निधीला आभाराचं पत्र गेलं, ट्रस्टना गेलं, डॉक्टरांना पेढे देऊन झाले. तुमचंच राहिलं होतं. समोर बसून बोलायला गेले तर "चल, काहीतरीच तुझं" म्हणत तुम्ही चहा टाकायला उठणार, म्हणून हे सगळ्यांदेखत लिहितेय.

परळच्या चाळीत आम्ही आलो तेव्हा चिऊ ३ वर्षांची होती आणि बापलेक दोघांच्याही पोटावर टाके होते; ह्यांच्या लिव्हरचा तुकडा तिला बसवला होता. आधी ठरलेल्या खोलीच्या मालकाने ट्रान्सप्लांट हा शब्द ऐकताच डिपॉझिट परत केलं. "आमच्याकडे लहान मुलं आहेत" म्हणे. अहो, भीती आम्हाला होती! नवं लिव्हर शरीराने नाकारू नये म्हणून औषधांनी चिऊची प्रतिकारशक्ती दाबून ठेवलेली. त्यांच्या पोरांची साधी सर्दी तिला महागात पडली असती. आणि त्याच्याही आधीचे आमच्या गावाकडचे डॉक्टर! तान्ह्या पोरीची शी चुन्यासारखी पांढरी, तरी "कोवळं ऊन दाखवा, कावीळ उतरेल" एवढंच. पित्तनलिका बंद असलेल्या बाळाचं पहिलं ऑपरेशन ६० दिवसांच्या आत झालं तर जास्त गुण येतो, हे मुंबईत कळलं तेव्हा ते दिवस उलटून गेले होते. जाऊ दे. त्यांच्यावर लिहायला बसले तर तुमचं परत राहील.

चिऊचं ते प्रतिकारशक्ती दाबणारं औषध, टॅक्रोलिमस, सकाळी ८ आणि रात्री ८. आधी दोन तास पोटात काही नको, नंतर एक तास नको. सकाळचं निभायचं, झोपेतून उठूनच औषध. रात्रीचं मात्र अवघड. सहा ते नऊ पोरगी उपाशी, आणि नेमकी तीच चाळीची स्वयंपाकाची वेळ. गॅलरीतून लसणीच्या फोडणीचा वास आला की ही दाराला नाक लावून रडायची. "आई, त्या आजीकडे वरण झालंय." तुम्ही एकदा दारातून विचारलंत, का रडते? मी सांगितलं. तुम्ही "बरं" म्हणालात आणि गेलात.

त्यानंतर तुमच्या घरातून त्या वेळात वास आला नाही. मला वाटलं, तुमची जेवायची वेळच वेगळी असेल. मग एके दिवशी काका जिन्यात ह्यांच्याशी कुरकुरले, "आमच्याकडे हल्ली सहाच्या आत स्वयंपाक उरकतो, नऊला गार भात गिळतो मी." तेव्हा उलगडा झाला. तळलेले बोंबील तर तुम्ही आम्ही असेपर्यंत बंदच केलेत. मालवणी घरात!

मला तुम्ही याबद्दल एका शब्दाने बोलला नाहीत. नाहीतर आमचे पाहुणे. मास्क न लावता घोळक्याने यायचे, चिऊचे गाल ओढायचे आणि जाताना "आता अर्ध्या लिव्हरवर हे कामं कशी करणार?" म्हणून माझा जीव खालीवर करायचे. (अर्धं नव्हे, डावीकडचा छोटा भाग दिला होता, आणि उरलेलं काही महिन्यांत वाढतं. हे किती जणांना सांगितलं, देव जाणे.) पैशाची मदत मोठीच, तिच्याशिवाय ऑपरेशन झालंच नसतं. पण दुसऱ्याच्या लेकराला त्रास होतो म्हणून आपल्या घरातलं घड्याळ मुकाट्याने फिरवणारी माणसं मी फार पाहिली नाहीत. ती असतात, एवढं तुमच्यामुळे कळलं.

गणपतीत तुम्ही पपनस फोडायच्या आधी विचारायला आलात, "हिला चालतं ना गं?" नाही चालत. त्याने औषधाची रक्तातली पातळी वाढू शकते. तुम्ही ते तसंच काकांच्या हाती खालच्या मजल्यावर धाडलंत आणि चिऊच्या हातावर घरी वाफवलेला मोदक ठेवलात. नऊ वाजून गेल्यावर.

आता ती पळते. काविळीचे डोळे पांढरे झालेत, केस दाट आलेत. औषध जन्मभराचं आहे, पण रिपोर्ट चांगले येतायत. पुढची तपासणी दिवाळीनंतर आहे. तेव्हा तुम्ही परळलाच असाल की मालवणला? कळवा. ज्वारीचं पीठ आणि शेंगाचटणी आणते. काकांना विचारा, चटणी तिखट चालेल का.

तुमची,
चिऊची आई