जोडीदार शोधताना

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

पुण्यात पिकलबॉलला, आपल्या या जाळ्यावरून पॅडलनं चेंडू मारायच्या खेळाला, मनाजोगता जोडीदार मिळत नाही म्हणालास. फोनवर तुझी घाई होती, म्हणून लिहिते.

तू रेटिंग बघून माणूस शोधून राहिला, तिथंच घोळ आहे. डूपरचा आकडा, म्हणजे कोण किती चांगलं खेळतं त्याचं रेटिंग, समोर कोण असावं हे ठरवायला बरा. 3 वाल्यासमोर 4.5 वाला उभा केला की दोघंही कंटाळतात. पण आपल्या बाजूला कोण हवं, ते त्यातून कळत नाही.

इथं त्रिमूर्तीनगरात आम्ही मे महिन्यात सकाळी साडेपाचलाच कोर्टवर असतो. आठ वाजले की नागपूरचं ऊन उभं राहू देत नाही. नंबर लावायला पॅडल रांगेत ठेवायची, 11 गुणांचा डाव संपला की पुढचे चौघं आत. त्यामुळे कोणाहीसोबत खेळावं लागतं आणि माणूस कळतो. एक पोरगा आहे, स्मॅश काय मारतो बाप्पा! पण माझ्या अंगावरचा चेंडूही तोच घेणार, आणि गुण गेला की माझ्याकडेच बघणार. सगळ्यात चांगला खेळतो, तरी त्याच्यासोबत उतरायला कोणी राजी नसतं.

माझं जमतं ते बँकेतून रिटायर झालेल्या एका काकांशी. ते डावखुरे. ते उजवीकडे, मी डावीकडे, म्हणजे दोघांचेही फोरहँड मधे. सुरुवातीला पॅडलवर पॅडल आपटायची. मग ठरवलं, आधी ‘माझा’ ओरडेल त्याचा चेंडू. आता काका इतक्या जोरात ओरडतात की बाजूच्या कोर्टवरचे दचकतात. किचनच्या, म्हणजे जाळ्याजवळच्या पट्ट्याच्या, रेषेशी उभं राहून हळूहळू डिंक करत, म्हणजे चेंडू जाळ्यापलीकडे अलगद टाकत, बसायलाही त्यांना कंटाळा येत नाही. तुझा स्वभाव उतावळा, तुला असाच कोणी बघ.

आधी ओपन प्लेला जा, म्हणजे कोणीही येऊन आळीपाळीनं खेळतं तिथं. दोन-तीन डाव खेळून पटलं तर सरळ विचार, ‘शनिवारी येता का?’ लाजू नको. आणि वेळेवर येणारा बघ. तासाचं भाडं चौघांत वाटलेलं असतं. एकानं टांग दिली की तिघांचा तास वाया.

तिथल्या ग्रुपमध्ये बायका असतील तर त्यांना ‘हळू मारतो हं’ म्हणू नको. मला कोणी म्हटलं की मी त्याच्या पायाशीच मारते.

दिवाळीला येशील तेव्हा बूट कोर्टचे आण. पळायच्या बुटात पाय मुरगळतो.

तुझी,
आई