अनियतकालिकांची रद्दी करू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात आमच्या भागातल्या एका जुन्या वाचनालयाने कपाटे रिकामी करायला काढली. जुने दिवाळी अंक, गाइडं, वाळवी लागलेल्या कादंबऱ्या असे गठ्ठे ओट्यावर आले आणि रद्दीवाल्याचा काटाही आला. त्या गठ्ठ्यांत साठच्या दशकातल्या लघुअनियतकालिकांचे, म्हणजे प्रस्थापित मासिकांना विरोध म्हणून ठरावीक मुदत न पाळता काढलेल्या छोट्या नियतकालिकांचे, तीन अंक मला दिसले. हे का काढता, असे तिथल्या कर्मचाऱ्याला विचारले तर उत्तर मिळाले, "सर, याचा वर्षाचा संचच होत नाही. कधी निघाला, कधी बंद पडला काही मेळ नाही. बाइंडिंग कशाचं करणार?"

त्याचे बोलणे खरेच होते. अनियतपणा हे तर या चळवळीचे धोरण होते. जमेल तेव्हा, पैसे असतील तेव्हा अंक काढायचा आणि कोणत्याही संपादकाची पसंती मागायची नाही. पण आमची दाखल नोंदवही मात्र वार, वर्ष आणि संच मागते. म्हणून प्रतिष्ठित मासिकांचे कापडी बांधणीतले खंड कपाटात राहिले आणि त्यांच्या विरोधात निघालेले अंक काट्यावर गेले.

मी उचलून आणलेल्या त्या तीनपैकी एक अंक आत्ता समोर आहे. सायक्लोस्टाइलचा, म्हणजे टंकलेल्या स्टेन्सिलवरून प्रती काढायच्या यंत्राचा, जाडसर, शाई पिणारा कागद आता पिवळा पडून कडांनी तुटतो आहे. पिना गंजून त्यांचा तांबूस डाग चार पाने खाली उतरलाय. स्टेन्सिल फाटल्यामुळे 'ठ' आणि 'व' यांची पोटे शाईने भरली आहेत. टंकयंत्रात नसलेले एक जोडाक्षर कुणीतरी हाताने कोरलेय.

दिलीप चित्रे, अरुण कोलटकर आणि रमेश समर्थ या कवींनी मुंबईत सुरू केलेले 'शब्द' असेच सायक्लोस्टाइलवर निघत असे. पुढे अशोक शहाणे यांचे 'असो', मग 'येरू', 'फक्त', 'अबकडई' आले. 1969 मध्ये 'सत्यकथा' या तेव्हाच्या प्रतिष्ठित मासिकाच्या अंकाची होळी झाली. ती आजही काहींना खटकते. मलाही अंक जाळणे पटत नाही. पण छापायचे काय हे एकाच दारात ठरते, ही त्यामागची चीड मला समजते.

मराठवाड्याचा यात मोठा वाटा होता, हे आपल्याच मुलांना ठाऊक नाही. 'वाचा' तेव्हाच्या औरंगाबादेतून निघाले, भालचंद्र नेमाड्यांच्या संपादनाखाली. 'अस्मितादर्श'ही इथलेच. ते त्रैमासिक होते, त्याची जात वेगळी. पण ज्यांचे लिखाण कुणी छापत नव्हते त्यांना गंगाधर पानतावणे यांनी तिथे जागा दिली आणि ते काम अनेक दशके नेटाने चालवले.

या मंडळींनी परंपरेची नाळ तोडली, असे सरसकट म्हणतात. मला ते मान्य नाही. त्यांच्यातल्या एका अंकाचे नाव 'भारूड' होते. भारूड म्हटले की आपल्या पैठणचे एकनाथच आठवतात. 'येरू' हा शब्दही संतांच्या ओवीत भेटतो. चित्र्यांनी तर तुकाराम इंग्रजीत नेण्यासाठी वर्षानुवर्षे घालवली. या मंडळींनी नाकारली ती सोवळ्यातली अभिरुची.

कोलटकरांचा पहिला मराठी संग्रह आला 1977 साली. त्याआधी वीसेक वर्षे ते लिहीत होते. या कविता आधी कशा छापल्या गेल्या, पुढे कुठला शब्द बदलला हे पाहायचे तर अशाच पानांकडे जावे लागते.

म्हणून विद्यापीठाच्या मराठी विभागाला आणि जिल्ह्याजिल्ह्यांतल्या ग्रंथालयांना माझी कळकळीची विनंती आहे. रद्दी काढण्याआधी गठ्ठे मराठीच्या एखाद्या प्राध्यापकाला दाखवा. संच अपुरा असला तरी एकेका अंकाची स्वतंत्र नोंद करा. गंजलेल्या पिना हळूच काढा, लॅमिनेशन मात्र करू नका. प्रत्येक पानाचे स्कॅन करा, मुखपृष्ठ आणि मागची किंमतसुद्धा सोडू नका. लातूर, नांदेड, परभणी, बीडकडच्या निवृत्त प्राध्यापकांच्या घरी, माळ्यावर आणि ट्रंकेत असे अंक नक्की असतील. त्यांच्या मुलांनी घर आवरताना एकदा नजर टाकावी.

आपल्या दैनिकाने असे आवाहन छापले तर फार बरे होईल. माझ्याकडचे तीनही अंक मी स्कॅनसाठी द्यायला तयार आहे. स्वतः घेऊन येईन, कारण ते टपालात टिकणार नाहीत.

आपला,
एक निवृत्त मराठी शिक्षक
अंबाजोगाई, जि. बीड