सर्दीच्या गोळीआधी एक प्रश्न: अन्न व औषध प्रशासन मंत्र्यांना खुले पत्र

मा. अन्न व औषध प्रशासन मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई.

महोदय,

माघातल्या गारठ्यात आमच्या ह्यांना सर्दी झाली. वय बहात्तर, कंपवात (पार्किन्सन) नऊ वर्षांचा. मी मेडिकलमध्ये गेले, "सर्दीची गोळी द्या" म्हटलं आणि पाकीट घेऊन आले. दुकानदाराने काही विचारलं नाही, मीही काही सांगितलं नाही. नाक वाहायचं थांबलं खरं. पण तिसऱ्या रात्री हे मला उठवून म्हणाले, "माजघरात गुरं शिरलीत, हाकल आधी." आमची गुरं विकून वीस वर्षं झाली. पहाटे लघवी तुंबली, नळी घालावी लागली. डॉक्टरांचा पहिला प्रश्न, "नवीन काय दिलंत?"

गोळीत क्लोरफेनिरामिन होतं. ही जुन्या पिढीची अँटिहिस्टामिन, म्हणजे सर्दी-अॅलर्जीवरची औषधं, मेंदूत शिरतात आणि अ‍ॅसिटिलकोलीनचं, म्हणजे नसांचे निरोप पोचवणाऱ्या रसायनाचं, काम अडवतात. म्हातारपणी त्याने भ्रम होतो, तोल जातो, मूत्राशय आणि आतडी सुस्तावतात. कंपवातात बद्धकोष्ठता तर आधीच मुक्कामाला असते. वर ह्यांची थरथरीवरची ट्रायहेक्सीफेनिडिलही नेमकं हेच अडवते. म्हणजे एका ओझ्यावर मी दुसरं तसलंच चढवलं.

सर्दीची सगळीच औषधं वर्ज्य आहेत असं नाही. फेक्सोफेनाडिन, लोराटाडिन मेंदूत फारशी पोचत नाहीत. सेटिरिझिनने थोडी गुंगी येऊ शकते. ह्यांना काय चालेल ते डॉक्टरांनी ठरवावं. पण जुन्या पिढीतलंच प्रोमेथाझिन मेंदूतलं डोपामिनच अडवतं, ज्याच्या तुटवड्यानेच हा आजार होतो! चक्करेवर सर्रास दिलं जाणारं सिनारिझिनही त्याच वाटेचं. त्याने चांगल्या धडधाकट म्हाताऱ्यालाही कंपवातासारखी लक्षणं होऊ शकतात. आणि कंपवातावरची रासाजिलिन चालू असेल तर डेक्स्ट्रोमेथॉर्फनची खोकल्याची बाटली घ्यायचीच नसते. हे मला साठी उलटल्यावर, इस्पितळाच्या बाकावर बसून कळलं.

नियम नाहीत असंही नाही. १९४५ च्या औषध नियमांत अँटिहिस्टामिन शेड्युल जी या यादीत आहेत. वैद्यकीय देखरेखीशिवाय घेणं धोक्याचं, असा इशारा छापावा लागतो. तो असतो इंग्रजीत, मुंगीएवढ्या अक्षरांत, आणि दुकानदार सुट्या चार गोळ्या कापून देतो तेव्हा बहुधा उरलेल्या तुकड्यावर राहून जातो. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राच्या औषध नियंत्रकांनी क्लोरफेनिरामिन-फेनिलेफ्रिनचं सर्दीवरचं मिश्रण चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, असं लेबलवर लिहायला सांगितलं. बाळांसाठी जमलं, मग म्हाताऱ्यांसाठी का नाही? लेबल केंद्राच्या हातात आहे हे मला माहीत आहे. तशी शिफारस तुम्ही करा. दुकानं मात्र तुमच्या खात्याच्या परवान्यावर चालतात. गिऱ्हाइकाला "कोणासाठी? वय काय? कंपवात, प्रोस्टेट, काचबिंदू आहे का?" एवढं विचारायची सूचना तरी तुम्ही त्यांना द्या.

दुकानदाराला एकट्याला दोष देत नाही. माझ्यामागे सहा जण उभे होते आणि घाई मलाही होती.

ह्यांच्या सदऱ्याच्या खिशात आता मी एक चिठ्ठी ठेवते: चालू गोळ्या, वेळा आणि खाली मोठ्या मराठी अक्षरांत न चालणारी औषधं. तिची एक प्रत आमच्या मेडिकलवाल्याने आपणहून काचेवर चिकटवली आहे. तशीच चिठ्ठी तज्ज्ञांकडून तपासून तुमच्या खात्याने छापावी आणि राज्यातल्या प्रत्येक दुकानात लावावी. नमुना म्हणून आमची सोबत जोडली आहे.

आपली,
एका कंपवाताच्या रुग्णाची पत्नी,
सातारा जिल्हा