पोट्टा कोणाकडून खेळणार?

महाल, नागपूर
जानेवारी

अबे मित्रा,

परवा फोनवर तू विचारलंस की भाच्याचं काय झालं आणि मी 'सांगतो निवांत' म्हणून कटवलं, कारण आई बाजूलाच बसली होती आणि हा विषय निघाला की ती लगेच टीव्हीचा आवाज कमी करते. आता ती झोपली, बाहेर मरणाची थंडी पडून राहिली, मी शाल गुंडाळून बसलोय, म्हटलं लिहूनच टाकू. व्हॉट्सअॅपवर एवढं टाकलं तर तू अंगठा पाठवून मोकळा होशील, ओळखतो मी तुला.

तर सीन असा आहे. ताईचा मोठा आता सतराचा झाला. जन्म जर्मनीतला. भाऊजी घानातले, कुमासीचे, शिकायला गेले, तिथेच नोकरी लागली आणि नंतर जर्मन पासपोर्ट घेतला. आणि ताई आपली चिटणीस पार्कच्या मागच्या गल्लीतली, तुला काय सांगायचं, तुझी राखीपौर्णिमा आमच्याच घरी व्हायची. पोट्टा तिकडे बुंडेसलिगातल्या, म्हणजे जर्मनीच्या सगळ्यात वरच्या लीगमधल्या, एका क्लबच्या फुटबॉल अकॅडमीत आहे, डाव्या विंगला खेळतो, आणि मागच्या वर्षभरात त्यांच्या घरी फोन येऊन राहिले. एक जर्मनीच्या युथ टीमच्या कॅम्पसाठी. दुसरा घानाकडून, तो माणूस म्हणे आधी अर्धा तास भाऊजींशी त्यांच्या भाषेत गावाच्याच गप्पा मारत होता, फुटबॉलचं शेवटी दोन मिनिटं. आणि तिसरा फोन नागपूरवरून, म्हणजे माझा. त्याची मला आता लाज वाटते, पण ते पुढे सांगतो.

आईचं म्हणणं एकच. "माहा नातू आहे, मंग भारताकडून काहून नाही खेळत तो?"

आता तिला कसं समजवायचं. पोराकडे ओसीआय कार्ड आहे, परदेशी पासपोर्टवाल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळतं ते, त्यावर आयुष्यभर व्हिसाशिवाय ये-जा करता येते, उद्या पैसे आले तर महालात घरही घेऊ शकतो (शेती नाही घेता येत), पण मतदान नाही आणि भारताची जर्सीही नाही. खेळायचं तर भारताचाच पासपोर्ट पाहिजे, आणि आपल्याकडे दोन देशांचं नागरिकत्व ठेवता येत नाही, म्हणजे आधी तिकडचा पासपोर्ट सोडायचा. केलंय असं लोकांनी. अराता इझुमी होता ना, बाप गुजराती, आई जपानी, त्याने २०१२ मध्ये जपानचं नागरिकत्व सोडलं आणि पुढच्या वर्षी भारताकडून खेळला. आणि आत्ता २०२५ मध्ये बेंगळुरू एफसीवाला रायन विल्यम्स, ऑस्ट्रेलियात जन्मलेला, आई मुंबईची अँग्लो-इंडियन, त्याने ऑस्ट्रेलियन पासपोर्ट सोडून भारताचा घेतला. पण हे दोघं इथे खेळणारे, इथे पगार घेणारे मोठे गडी होते. सतरा वर्षांच्या पोराचं काय.

पण मी काय केलं? सिंगापूरशी गोव्यात, म्हणजे घरच्या मैदानावर हरून आपण फुटबॉलच्या आशिया कपच्या बाहेर पडलो ना ऑक्टोबरमध्ये, त्या रात्री डोकं फिरलं होतं, उठलो आणि सरळ पोराला व्हिडिओ कॉल लावला. म्हटलं अठरा पूर्ण झाले की विचार कर, आपल्याकडे तू डायरेक्ट सीनियर टीममध्ये जाशील, हिरो होशील, शंभर कोटींच्या वर लोक आहेत इकडे. अजून काय काय बडबडलो कोणास ठाऊक. तो शांतपणे ऐकून घेत होता. मग विचारतो, "मामा, तिकडचा पासपोर्ट घेतला तर मला घरी आईकडे जायला व्हिसा लागेल का?"

काय बोलणार बे यावर. म्हटलं हो लागेल. तो 'अच्छा' म्हणाला. मागे भाऊजी सिंकपाशी उभे राहून त्याचे बूट घासत होते, जुन्या टूथब्रशने, एकेका स्टडमधली माती काढून. वर बघितलंही नाही त्यांनी. ते बिचारे तर घानाचं सुद्धा एका शब्दाने बोललेले नाहीत आजपर्यंत, आणि मी इकडे नागपुरात बसून देशभक्ती शिकवून राहिलो होतो.

डिसेंबरमध्ये त्यांच्या लीगला थंडीची सुट्टी असते, तेव्हा सगळे आले होते. स्टेशनवरून येताना ऑटोवाला आरशात बघून विचारतो, "भाई कहाँ से, नायजेरिया?" ताईचं तोंड एवढुसं झालं, पण पोट्टा म्हणतो, "नाही काका, महाल. आजी तिथंच राहते." ऑटोवाल्याने ऑटो स्लो केला यार. मग गांधी गेटपर्यंत मागे वळूवळू त्याच्याशी मराठीत बोलत होता, मला जीव मुठीत धरून बसावं लागलं. पोट्ट्याची मराठी म्हणजे पूर्ण ताईची मराठी आहे, 'मले भूक लागली', 'कुठी चालला', आणि ते जर्मन वळणाच्या र सकट. आई तर त्याला मुद्दाम काहीतरी विचारत राहायची, फक्त ऐकायला.

एका सकाळी कामठीला घेऊन गेलो, तुला आठवतं ना आपण सायकलने जायचो मॅच बघायला. धुकं, मैदानाच्या कडेला चहावाला, आणि पोट्टे तेच, अर्ध्यांच्या पायात बूट अर्ध्यांच्या नाही. याला घेतलं टीममध्ये. पहिली दहा मिनिटं सगळे 'ए जर्मनी, पास दे बे', 'जर्मनी को देख', त्याने दोघांना चकवून एक क्रॉस टाकला तर काठावरचे म्हातारे पण टाळ्या वाजवून राहिले. मग गोल समोर मोकळा असताना याने बॉल वर मारला, पार रस्त्यावर. आणि मागून आवाज, "ए महाल! क्या कर रहा बे!" मी हसून हसून मेलो. तोही हसत होता. त्यानंतर शेवटपर्यंत तो महालच.

तिकडे हे उलटं होतं. तुर्की वंशाचा तो मेसुत ओझिल आठवतो ना, २०१८ चा वर्ल्ड कप हरल्यावर त्याने जर्मनीची टीम सोडली, तेव्हा हेच लिहिलं होतं त्याने, की जिंकलो की मी जर्मन आणि हरलो की मी बाहेरून आलेला. जर्मनीतल्याच गेल्सेनकिर्खेनमध्ये जन्मलेला माणूस तो, वर्ल्ड कप जिंकून दिलेला. ताईला हीच भीती आहे. ती म्हणते आज बोलावतात, छान आहे, उद्या याने पेनल्टी घालवली तर कोणत्या देशात परत जा म्हणतील याला? तीन आहेत ना.

घरोघरी हेच आहे म्हणा. बोआटेंग भाऊ, दोघं बर्लिनचे, बाप एक, आई वेगळ्या, २०१० च्या वर्ल्ड कपमध्ये एक जर्मनीकडून आणि एक घानाकडून समोरासमोर, आणि त्या मॅचचा एकमेव गोल कोणाचा, तर ओझिलचाच. झाका भाऊ २०१६ च्या युरो कपमध्ये, एक स्वित्झर्लंड एक अल्बानिया, आई स्टँडमध्ये अर्धा हा झेंडा अर्धा तो असा टीशर्ट घालून. विल्यम्स भावांचं तर अजूनच, आईबाप घानातून सहारा वाळवंट ओलांडून आले, थोरला इन्याकी स्पेनकडून एक फ्रेंडली खेळून नंतर घानाकडे गेला, धाकटा निको स्पेनकडे राहिला आणि २०२४ च्या युरो फायनलला गोल मारला. एकाच आईचं जेवलेले दोघं. आता यातला कोणता खरा आणि कोणता खोटा, सांग. मला तर दोघंही बरोबर वाटतात, आणि भाऊजींना हे सांगितलं तेव्हा ते पहिल्यांदा थोडे बोलले. म्हणाले, इन्याकी घानाकडे आला तेव्हा माझी आई रडली होती, तिचा काही संबंध नसताना.

लोक म्हणतात मनाचं ऐक. बकवास आहे. सतराव्या वर्षी मन काय म्हणतं तुला माहीत आहे ना, आपण सतराव्या वर्षी काय काय ठरवलं होतं. जर्मनीचा तो जमाल मुसियाला बघ, स्टुटगार्टचा जन्म, सात वर्षांचा असताना इंग्लंडला गेला, दोन्हीकडच्या युथ टीममध्ये खेळला, वडिलांकडून नायजेरियाचाही ऑप्शन होता, आणि अठराव्या वाढदिवसाच्या तोंडावर, फेब्रुवारी २०२१ मध्ये, जर्मनी म्हणाला. लगेच सगळे त्याच्या मनातलं सांगायला बसले. मला वाटतं पोरं बघतात कोच कोण आहे, आपल्या जागेवर अजून किती जण आहेत, खेळायला मिळेल का. आणि त्यात वाईट काय आहे.

आपलंच बघ ना. २०२५ ची रणजी फायनल, आपल्या नागपूरच्या जामठा स्टेडियमवर, विदर्भ विरुद्ध केरळ. त्यांच्याकडून कोण उभा, तर आपला आदित्य सरवटे! २०१९ मध्ये सौराष्ट्राला फायनलला अकरा विकेट काढून आपल्याला कप देणारा. त्याने ७९ केले आपल्याविरुद्ध, त्याची फिफ्टी झाली तेव्हा माझ्या बाजूच्या माणसाने टाळ्या वाजवल्या आणि मग चोरासारखं इकडेतिकडे बघितलं. आणि आपल्याकडून शंभर कोण मारतो, कर्नाटकातून आलेला करुण नायर. त्याआधी पहिला कप आला तेव्हा विनिंग चौका वसीम जाफरचा, मुंबईचा माणूस. आपण विचारलं का कोणाला, मनातून कुठला आहेस म्हणून? नाचलो फक्त.

हे मी पोराला मोबाइलवर हायलाइट दाखवून सांगत होतो तर तो स्कोअरबोर्ड बघून विचारतो, "मामा, विदर्भ वेगळा देश आहे का?" शेजारचे काका पेपर वाचत बसले होते, एकदम ताठ झाले. "अजून नाही झाला!" मग पुढचा पाऊण तास १९५३ चा नागपूर करार, अधिवेशन, कापूस, सगळं. पोट्टा लक्ष देऊन ऐकत होता बरं का. शेवटी म्हणे, म्हणजे मी नागपुरात क्रिकेट खेळलो तर विदर्भ आणि फुटबॉल खेळलो तर महाराष्ट्र? म्हटलं हो, असंच आहे बाप्पा. तो म्हणाला मग माझं तर सोपं आहे.

बरं, आता काय झालं ते. जर्मनीच्या कॅम्पला गेला तो, ताई आणि भाऊजींनी मिळूनच हो म्हटलं, कारण युथ टीमकडून खेळल्याने माणूस कायमचा अडकत नाही, नंतर एकदा बदलता येतं. अडकतो तो सीनियरच्या खऱ्या मॅचला. मुनीर एल हद्दादीचं झालं होतं ना, २०१४ मध्ये स्पेनने शेवटची पंधरा मिनिटंही नसतील एवढं खेळवलं आणि परत कधी बोलावलंच नाही, मोरोक्कोकडून खेळायला पार स्पोर्ट्स कोर्टात गेला तरी नाही म्हणाले. शेवटी २०२० मध्ये फिफाने नियम थोडा सैल केला, एकविशीच्या आत तीनपेक्षा जास्त मॅच झालेल्या नसतील आणि मध्ये तीन वर्षं गेली असतील तर चालतं असा काहीतरी, तेव्हा कुठे २०२१ मध्ये मोरोक्कोची जर्सी मिळाली त्याला. भाऊजींनी हे सगळं कागदावर लिहून फ्रिजवर लावलंय. घानाचा तो माणूस अजून फोन करतो, परवा सणाच्या शुभेच्छा दिल्या म्हणे. मी आता पोराला फक्त घोटा कसा आहे एवढंच विचारतो.

आईला हे पटलेलं नाही. ती म्हणते येत्या मारबतीच्या मिरवणुकीत या फेडरेशनवाल्यांचाच बडग्या, म्हणजे पुतळा, काढा. पण ताईने तिला झाकाच्या आईचा तो टीशर्टचा फोटो दाखवला आणि तेव्हापासून डोक्यात घेतलंय की नातवासाठी गोधडी शिवायची, तिन्ही जर्सी कापून. जर्मनीची ताईने ठेवून दिली, घानाची भाऊजींनी स्वतःची दिली, बाही उसवलेली आहे पण चालेल म्हणते. राहिली भारताची. आणि मला आठवलं की माझी ती निळी जर्सी, कॉलेजच्या ट्रिपच्या वेळी तू थंडी वाजते म्हणून घातली होतीस, ती अजून पुण्यात तुझ्याच कपाटात आहे. होळीला येशील तेव्हा आण. आई कात्री चालवणार आहे त्यावर, आधीच सांगून ठेवतो, नंतर बोंबलू नको.

तुझा,
मी